उपग्रहावरचा जीपीयू आणि पुण्याच्या वाट्याचे काम

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अंतराळात डेटा सेंटर उभारण्याच्या परदेशी कंपन्यांच्या योजनांविषयी गेल्या काही महिन्यांत मराठी वृत्तपत्रांतून, आपल्या दैनिकातूनही, बरेच छापून आले आहे. अशा बातम्यांत एक विधान हमखास आढळते: अंतराळ अतिशीत असल्यामुळे तेथे संगणक गार ठेवायला पाणी लागत नाही, सूर्यप्रकाश तर चोवीस तास फुकटच आहे, तेव्हा वीज आणि पाणी या दोन्ही प्रश्नांतून सुटका झालीच म्हणायची. मी पुण्यात जीपीयूवर, म्हणजे हजारो आकडेमोडी एकाच वेळी करणाऱ्या चिपवर, चालणारे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम करतो. या विधानाचा पूर्वार्ध चुकीचा आहे आणि उत्तरार्ध अर्धाच खरा आहे, हे नोंदवावेसे वाटते. पण पत्राचे मुख्य कारण वेगळे आहे. या भव्य योजनांच्या गाजावाजात, उपग्रहावर जीपीयू चालवण्याचा जो उपयोग आपल्या गरजेचा आणि आपल्या ऐपतीतला आहे त्याची चर्चाच होत नाही, आणि ते काम करू शकणारी माणसे पुण्यात भरपूर असूनही त्यांचा प्रोग्रॅम कक्षेत पोहोचण्याची नियमित सोय आपल्याकडे नाही.

आधी घडले काय ते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारक्लाउड या अमेरिकी कंपनीचा सुमारे ६० किलो वजनाचा उपग्रह फाल्कन-९ रॉकेटवरून कक्षेत गेला. जमिनीवरच्या डेटा सेंटरमध्ये वापरला जाणारा एनव्हिडियाचा एच-१०० हा जीपीयू त्यात बसवलेला होता आणि पुढे त्यावर एक लहानसे भाषिक मॉडेल प्रशिक्षित करून दाखवण्यात आले. दोनच दिवसांनी गूगलने ‘सनकॅचर’ हा प्रकल्प जाहीर केला. त्यात सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर, एक किलोमीटर त्रिज्येच्या आत उडणाऱ्या ८१ उपग्रहांचा ताफा उदाहरणादाखल मांडलेला असून, दोन चाचणी उपग्रह २०२७ च्या आरंभी सोडण्याचा बेत आहे. हे सारे किफायतशीर ठरण्यासाठी प्रक्षेपणाचा खर्च किलोमागे २०० डॉलरपर्यंत उतरावा लागेल आणि ते २०३५ च्या आसपास शक्य होईल, असे गूगलचाच अंदाज सांगतो. आज हा दर काही हजार डॉलर आहे. बातम्यांत ८१ हा आकडा ठळक येतो आणि २०० हा येत नाही.

हे काम कालपरवा सुरू झाले असेही नाही. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने ऑगस्ट २०१७ मध्ये बाजारात मिळणारा साधा सर्व्हर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पाठवला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये गेलेल्या त्याच्या पुढच्या आवृत्तीत एनव्हिडियाचा टी-४ हा जीपीयू होता. युरोपीय अंतराळ संस्थेचा फायसॅट-१ हा चपलांच्या खोक्याएवढा उपग्रह सप्टेंबर २०२० मध्ये गेला. त्यावरची इंटेलची चिप काटेकोर अर्थाने जीपीयू नव्हती, पण काम त्याच जातीचे होते: कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांपैकी ढगाळ चित्रे वरच्या वर ओळखून बाजूला काढणे.

आता थंडाव्याविषयी, कारण गैरसमजाचे मूळ तिथे आहे. उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचे वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन मार्ग आपण शाळेत शिकतो. जमिनीवरच्या संगणकात चिपवर धातूचा हीटसिंक असतो आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो, किंवा नळ्यांतून पाणी फिरवले जाते. म्हणजे वहनाने चिपबाहेर आलेली उष्णता शेवटी अभिसरणानेच खोलीबाहेर जाते. निर्वातात पंखा फिरेल, पण ढकलायला हवाच नाही. उरते ते केवळ प्रारण, आणि ते फार सावकाशीचे काम आहे. सत्तावीस अंश सेल्सिअस तापमानाचा एक चौरस मीटर चांगला उत्सर्जक पृष्ठभाग एका बाजूने सुमारे ४१० वॅट उष्णता बाहेर टाकतो. एच-१०० च्या मोठ्या आवृत्तीला पूर्ण भारावर ७०० वॅट लागतात, आणि चिपमध्ये शिरलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. तेव्हा एका चिपसाठी सुमारे पावणेदोन चौरस मीटर पृष्ठभाग हवा. दोन्ही बाजूंनी प्रारण करणारा पत्रा असेल तर त्याच्या निम्मा. त्यावर सूर्याची आणि खालून पृथ्वीची जी उष्णता पडते, तिचा हिशेब अजून धरलेला नाही.

एक मेगावॅटचा हिशेब केला की हेच एकबाजूचे क्षेत्रफळ चोवीसशे चौरस मीटरच्या घरात जाते, आणि एक मेगावॅट हे आजच्या डेटा सेंटरच्या हिशेबात किरकोळ गणले जाते. अंतराळ स्थानकाची बाहेरची मुख्य शीतकरण यंत्रणा, जिच्यात अमोनिया खेळवलेला आहे, तिची क्षमता सुमारे ७० किलोवॅट आहे, यावरून अंदाज यावा. रेडिएटर अधिक तापू दिला तर प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. साठ अंशांवर तोच चौरस मीटर सव्वासहाशे वॅटच्या आसपास टाकतो. पण मग चिपही तेवढीच अधिक तापलेली राहते, तिच्यातली विजेची गळती वाढते आणि तेच काम करायला ती जास्त वीज खाते. या सर्वांत अशक्य काही नाही, अभियंते ते करतीलही, पण ‘फुकटचा थंडावा’ हा शब्दप्रयोग कोणीही करू नये.

सूर्यप्रकाशाबाबत थोडक्यात सांगता येईल. पहाट आणि सांज यांच्या सीमारेषेवरून फिरणारी विशिष्ट सूर्यसमकालिक कक्षा निवडली तर जवळजवळ अखंड ऊन मिळते, हे खरे आहे. बाकीच्या बहुतेक कमी उंचीच्या कक्षांत मात्र पंचाण्णव मिनिटांच्या एका फेरीपैकी सुमारे पस्तीस मिनिटे पृथ्वीच्या सावलीत जातात, आणि दिवसाला पंधरा वेळा तापण्या-निवण्याचा हा खेळ प्रत्येक डाखेच्या सांध्याला सोसावा लागतो.

प्रारणाचा दुसरा अवतार, म्हणजे विद्युतभारित कणांचा मारा, हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा विषय आहे. २०१७ च्या त्या सर्व्हरमधील डेटा साठवणाऱ्या २० सॉलिड स्टेट ड्राइव्हपैकी ९ निकामी झाल्या होत्या. गूगलने आपल्या चिपवर प्रोटॉनचा झोत सोडून चाचणी घेतली, तेव्हा सर्वांत नाजूक भाग मेमरीचा निघाला, मात्र पाच वर्षांच्या मोहिमेत अपेक्षित असलेल्या मात्रेच्या जवळपास तिपटीपर्यंत तिने तग धरला. म्हणजे चिप जळून जाईल ही भीती वाटते तेवढी मोठी नाही. मोठी अडचण निराळी आहे. एखादा कण मेमरीतल्या किंवा रजिस्टरमधल्या (चिपच्या आतल्या तात्पुरत्या साठ्यातल्या) एका बिटला शून्याचा एक करून जातो, प्रोग्रॅम थांबत नाही, त्रुटीचा संदेश येत नाही, आणि उत्तर चुकते. दक्षिण अटलांटिक महासागरावर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दुबळे असल्यामुळे तेथून जाताना हे अधिक घडते. डेटा सेंटरच्या जीपीयूमध्ये मेमरीतील अशा चुका दुरुस्त करण्याची सोय असते. छोट्या उपग्रहांत बसतील अशा स्वस्त बोर्डांपैकी अनेकांत ती नसते, आणि जिथे असते तिथेही गणन करणारा प्रत्येक भाग तिच्या छत्राखाली येतोच असे नाही.

यावर तोच प्रोग्रॅम तीनदा चालवून बहुमत घेणे हा सरधोपट उपाय आहे, पण तो विजेच्या दृष्टीने परवडत नाही. जीपीयूवरचे बहुतांश काम मॅट्रिक्सच्या, म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या आकड्यांच्या, गुणाकाराचे असल्यामुळे तेथे एक चतुर मार्ग उपलब्ध आहे. तो १९८४ मध्ये हुआंग आणि अब्राहम या दोन संशोधकांनी मांडला होता. पहिल्या मॅट्रिक्सच्या तळाशी प्रत्येक स्तंभाच्या बेरजांची एक ओळ जोडायची, दुसऱ्याच्या कडेला प्रत्येक ओळीच्या बेरजांचा एक स्तंभ जोडायचा, आणि गुणाकार करायचा. उत्तराच्या शेवटच्या ओळीत आणि शेवटच्या स्तंभात ताळा आपोआप तयार होऊन येतो. उत्तरातला एखादा आकडा बिघडला असेल तर एका ओळीचा आणि एका स्तंभाचा ताळा चुकतो, दोन्ही जिथे छेदतात तो आकडा दोषी ठरतो, आणि बेरजेवरून तो दुरुस्तही करता येतो. हजार बाय हजारच्या मॅट्रिक्सला यासाठी पडणारे जादा काम अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते.

कागदावर हे इतके सोपे दिसते, प्रत्यक्षात मात्र एक मेख आहे. दशांश अपूर्णांकांच्या आकडेमोडीत जीपीयू दर पायरीला थोडेसे पूर्णांकन करतो, त्यामुळे निर्दोष गुणाकारातही ताळा तंतोतंत जमत नाही, शेवटच्या काही स्थानांत फरक पडतोच. किती फरक चालवून घ्यायचा ही मर्यादा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवायची असते. ती फार कडक ठेवली तर प्रत्येक गुणाकाराला खोटी धोक्याची घंटा वाजते आणि प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तेच काम करत बसतो. सैल ठेवली तर खरोखर उलटलेला बिट निसटून जातो. सोळा बिटांच्या आकड्यांत काम असेल, जे वीज वाचवण्यासाठी बहुधा असतेच, तर ही मर्यादा बसवणे हा सगळ्यात किचकट भाग होऊन बसतो. मला या विषयाचा खरा रस इथे वाटतो, आणि तो शिकायला रॉकेट लागत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी करायचा? ज्याचा डेटा जमिनीवर तयार होतो आणि ज्याचे उत्तरही जमिनीवरच हवे आहे, ते काम वर नेण्यात मला आज तरी अर्थ दिसत नाही. ज्याचा डेटा वरच तयार होतो त्याचे गणित मात्र पूर्णपणे वेगळे आहे. उपग्रहाचे कॅमेरे आणि रडार जेवढे टिपतात तेवढे खाली पाठवण्याइतका वेळ आणि रुंद रस्ता त्यांच्यापाशी नसतो. एका भूस्थानकावरून जाताना त्यांना फार तर दहाएक मिनिटे मिळतात. अंतराळ स्थानकावरील प्रयोगातले एक उदाहरण बोलके आहे: डीएनए क्रमनिर्धारणाचा १.८ गिगाबाइट कच्चा डेटा खाली यायला सरासरी १२.२ तास लागत होते. तोच वरच्या संगणकावर सहा मिनिटांत प्रक्रिया करून ९२ किलोबाइटचा केला गेला आणि दोन सेकंदांत खाली आला. इस्रो आणि नासा यांच्या ३० जुलै २०२५ रोजी गेलेल्या निसार या रडार उपग्रहापासून दिवसाला सुमारे ८० टेराबाइट डेटा तयार होतो, हे लक्षात घेतले की प्रश्नाचा आकार कळतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने रडारचा मुद्दा विशेष आहे. जुलै महिन्यात भीमाशंकरवरून जाणाऱ्या साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला पांढऱ्या ढगांखेरीज काही दिसत नाही, म्हणजे सह्याद्रीत पुराची आणि दरडींची भीती असते नेमक्या त्याच चार महिन्यांत तो आंधळा असतो. रडारच्या लहरी ढगांतून आणि अंधारातून आरपार जातात. परंतु रडार जे टिपते ते चित्र नसते. ते असते हजारो प्रतिध्वनींचे एकमेकांत मिसळलेले भेंडोळे, आणि त्यातून चित्र उलगडण्यासाठी उड्डाणाच्या आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांना प्रचंड प्रमाणात फूरिए रूपांतरे, म्हणजे मिसळलेल्या लहरी सुट्या करणारी आकडेमोड, करावी लागतात. ही रूपांतरे परस्परांवर अवलंबून नसल्याने हजारोंच्या संख्येने एकाच वेळी करता येतात, आणि जीपीयू त्यासाठीच बनलेला आहे. चित्र तयार झाले की संथ पाणी काळे दिसते, कारण गुळगुळीत पृष्ठभागावरून लहरी दुसरीकडेच परावर्तित होतात. कालच्या चित्राशी ताडून पाहिले की पाणी कुठवर चढले याची सीमारेषा काढता येते. गिगाबाइटच्या भेंडोळ्यातून शेवटी निघते ती काही किलोबाइटची रेघ, आणि जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला हवी असते तीच.

याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत जे झाले, तसल्या काही तासांच्या पुरात हा उपाय कुचकामी आहे. त्या तासांत उपग्रह डोक्यावर असेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि दाट इमारतींमध्ये भिंतींवरून लहरी दुहेरी उसळून परत येत असल्यामुळे पाणी असूनही चित्र उजळ दिसू शकते. त्यासाठी धरणातला विसर्ग आणि नदीतली पातळीमापके यांच्यावरच विसंबावे लागणार. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगलीत कृष्णा-पंचगंगेचे पाणी कित्येक दिवस हटले नव्हते. कोणत्या गावाचा कोणता रस्ता अजून कोरडा आहे हे रोज समजणे तेथे मोलाचे ठरले असते. दिवसांत मोजायच्या पुरासाठी उपग्रह आणि तासांत मोजायच्या पुरासाठी नदीकाठची यंत्रणा, अशी ही विभागणी आहे, आणि ती लोकांना सांगितली नाही तर उद्या एखाद्या मंत्र्याच्या भाषणात उपग्रहच सोसायट्यांच्या तळघरांतले पाणी मोजू लागेल.

आणखी एक आक्षेप असा की वरच्या वर निवड करणारा प्रोग्रॅम जे टाकून देतो ते कायमचे जाते. विरळ धुक्याखालचे गाव ‘ढग’ म्हणून वगळले गेले, किंवा मिठागरांचा पांढरेपणा ढगात मोजला गेला, तर ती चूक खाली कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण तपासायला मूळ चित्रच नसेल. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. त्यावर उपाय म्हणून कच्चा डेटा उपग्रहाच्या साठ्यात काही दिवस ठेवावा, आणि प्रोग्रॅमने नाकारलेल्या चित्रांपैकी थोडी चित्रे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कोणताही निकष न लावता निवडून नेमाने खाली मागवावीत. त्याने रस्त्याचा थोडा भाग वाया जातो, तो जाऊ द्यावा. त्याचप्रमाणे उपग्रहाचे तोंड फिरवणारा आणि त्याला जिवंत ठेवणारा मुख्य संगणक वेगळा, साधा आणि प्रारणाला पुरून उरणारा असावा. जीपीयूचा बोर्ड हा त्याच्याकडचा पाहुणा असावा, आणि भांबावला की त्याची वीज तोडून पुन्हा चालू करण्याचा अधिकार मुख्य संगणकाला असावा.

उष्णतेच्या ज्या अडचणीपायी अंतराळातल्या डेटा सेंटरला मैदानाएवढे रेडिएटर लागतात, ती अशा छोट्या कामात बरीचशी विरघळून जाते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. पंधरा वॅट खाणारा, एनव्हिडियाच्या जेटसनसारखा छोटा जीपीयू बोर्ड दहा मिनिटे चालवला तर नऊ हजार ज्यूल उष्णता निघते, आणि तेवढ्याने एक किलो ॲल्युमिनियम दहाच अंशांनी तापते. उपग्रहाचा धातूचा सांगाडा ती सामावून घेतो आणि उरलेल्या फेरीत हळूहळू बाहेर टाकतो. पण त्यामुळे प्रोग्रॅमला शिस्त येते. दहा मिनिटांतली एकही मिनिट वाया घालवता येत नाही, म्हणून सुरू होताना स्वतःला चिपसाठी भाषांतरित करत बसणारा प्रोग्रॅम चालत नाही. तो नेमक्या त्याच चिपसाठी जमिनीवरच तयार करून पाठवावा लागतो. अशा बोर्डावर सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू यांची मेमरी एकच असते, तेव्हा डेटाची इकडून तिकडे नक्कल करण्याची जमिनीवरची सवयही सोडावी लागते. वर चढवण्याचा रस्ता तर खाली उतरण्याच्या रस्त्याहूनही अरुंद असतो. लहान उपग्रहांत सर्रास आढळणाऱ्या सेकंदाला ९,६०० बिटांच्या रेडिओने एक मेगाबाइटची फाइल चढवायला सुमारे चौदा मिनिटे लागतात, म्हणजे ती एका भेटीत मावतच नाही. आमच्या क्षेत्रात काही गिगाबाइटचे कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे सामान यांची गाठोडी, बिनदिक्कत इकडून तिकडे फिरवले जातात. ती ऐट येथे चालणार नाही, आणि मला त्याचे दुःख नाही.

पुण्याकडे या कामासाठी काय आहे ते पाहू. सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये येथेच घडवला, आणि ऐरावत ही जीपीयूवर आधारलेली यंत्रणाही पुण्यातच आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांकडून येणारे संकेत जीपीयूवर तिथल्या तिथे एकत्र केले जातात, कारण कच्चे संकेत साठवून ठेवणे परवडतच नाही. उपग्रहावरचा प्रश्न हा नेमका हाच आहे, फरक विजेच्या मर्यादेचा. विद्यापीठाच्या आवारातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेने आदित्य-एल१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानासाठी घडवलेल्या सूट या दुर्बिणीत जीपीयू नसला, तरी सौरज्वाला उसळली की ती स्वतः ओळखून तेवढ्या भागावर लक्ष केंद्रित करण्याची सोय आहे, आणि तीही पंधरा लाख किलोमीटरवर. जीएमआरटीच्या मंडळींना वर उडणाऱ्या उपग्रहांच्या रेडिओ गोंगाटाचा आधीच पुरेसा ताप आहे, त्यामुळे हजारो उपग्रहांच्या डेटा सेंटरांबद्दल त्यांना माझ्याइतकाही उत्साह नसेल, हे जाता जाता नमूद करतो.

सीओईपी या पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा एक किलोहून किंचित हलका उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला, आणि पुण्याला त्याचा रास्त अभिमान आहे. पण तो पुरा होईपर्यंत त्यावर काम केलेल्या कित्येक तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. स्वतःचा उपग्रह बनवूनच अंतराळात काही करता येईल, अशी अट असली की पदवीच्या चार वर्षांत कोणाच्याच हाती काही लागत नाही. प्रोग्रॅम मात्र एका सत्रात लिहून, तपासून तयार होऊ शकतो. युरोपीय अंतराळ संस्थेने हे ओळखून डिसेंबर २०१९ मध्ये ऑप्स-सॅट हा छोटा उपग्रह केवळ इतरांचे प्रोग्रॅम चालवून पाहण्यासाठी सोडला आणि मे २०२४ मध्ये तो वातावरणात जळून जाईपर्यंत विद्यापीठे व कंपन्या त्यावर आपापले प्रयोग चढवत राहिल्या.

आपल्याकडे याला लागणारे साधन जवळजवळ तयार आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर कचरा होऊन फिरत राहण्याऐवजी प्रयोगांचा मंच म्हणून वापरण्याची इस्रोची पोएम ही योजना उत्तम आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी गेलेल्या पोएम-४ वर २४ उपकरणे होती. त्यांपैकी हैदराबादच्या टेकमीटूस्पेस या कंपनीच्या उपकरणाचा उद्देशच बाहेरच्यांचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम कक्षेत चालवणे हा होता. माझी सूचना अशी की इन-स्पेस या, खासगी आणि शैक्षणिक अंतराळ उपक्रमांना परवानगी व चालना देणाऱ्या सरकारी संस्थेने पुढच्या पोएम मंचांवर एक सामाईक जीपीयू बोर्ड कायमचा ठेवावा, त्याचा जुळा बोर्ड जमिनीवर सर्वांना वापरायला द्यावा, आणि महाविद्यालयांनी उपकरणे न पाठवता केवळ प्रोग्रॅम पाठवावेत. केंद्र सरकारच्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या इंडियाएआय मिशनसाठी २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपये मंजूर झाले आहेत. त्या मानाने एका बोर्डाचा खर्च हिशेबात धरण्याजोगाही नाही.

मे २०२५ आणि जानेवारी २०२६ मधील लागोपाठच्या दोन अपयशांनंतर पीएसएलव्हीचे वेळापत्रक लगेच सुरळीत होईल अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. पण जमिनीवरचा निम्मा भाग त्याच्यावाचून अडलेला नाही. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचा रडार डेटा, अगदी प्रतिध्वनींच्या कच्च्या रूपातला सुद्धा, सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे, आणि त्यात ऑगस्ट २०१९ चा आपला पूरही आहे. सीडॅकने किंवा विद्यापीठाने त्या डेटावर पुण्यातील महाविद्यालयांची एक स्पर्धा घ्यावी: पंधरा वॅटचा बोर्ड, दहा मिनिटे वेळ, प्रोग्रॅमची फाइल एक मेगाबाइटच्या आत, आणि परीक्षकांनी मध्येच मेमरीतले बिट मुद्दाम उलटवायचे, ते कधी आणि किती हे स्पर्धकांना सांगायचे नाही. पुराची रेघ बरोबर काढणाऱ्यांना गुण द्यावेत, आणि उत्तर बिघडले आहे हे ओळखून ‘हे चित्र पुन्हा तपासा’ असे प्रामाणिकपणे कळवणाऱ्या प्रोग्रॅमलाही गुण द्यावेत. चुकीची रेघ आत्मविश्वासाने पाठवणाऱ्याचे गुण मात्र कापावेत. यातून जे प्रोग्रॅम टिकतील त्यांची यादी पुढच्या पोएमच्या आधी इन-स्पेसकडे द्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक संगणक अभियंता,
पाषाण, पुणे